पंचा आणि कोट

(संस्थेच्या शताब्दी महोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेले व्याख्यान)



शताब्दी महोत्सवात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, ती मी शिरोधार्य मानली. परंतु बोलावयाचे कशावर, हा प्रश्न मला आठ दिवस सतावीत होता. संस्थेचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी समोर बसलेली आहेत. त्यांच्या देखत मी तो सांगू लागलो तर आजीला आजोळच्या गोष्टी सांगितल्यासारखे होईल. अशा विवंचनेत मी गेल्या आठवड्यात संस्थेच्या कार्यालयात गेलो आणि चिटणीस येईपर्यंत भिंतीवरची जुनी छायाचित्रे पाहत उभा राहिलो.

पहिल्या छायाचित्रात सारे संस्थापक पगडी, लांब अंगरखा आणि खांद्यावर उपरणे अशा थाटात बसलेले आहेत. त्यापुढच्यात काळ्या टोप्या व गळाबंद कोट आले. त्यानंतरच्यात निम्मी मंडळी पांढऱ्या खादीत दिसतात. पुढे बुशशर्ट आले आणि टोप्या गेल्या. शंभर वर्षांचा इतिहास शिंप्याने लिहून ठेवावा तसा त्या भिंतीवर टांगलेला आहे. आणि त्याच भिंतीखाली, जमिनीवर, यंदा गरजू विद्यार्थ्यांना वाटावयाच्या गणवेशांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. वरची चित्रे पाहिली, खालचे गठ्ठे पाहिले, आणि मला विषय सापडला. ज्या पुढाऱ्यांनी समाज मुळापासून हलविला त्यांनी अंगावर काय घातले, का घातले, आणि त्याचा अर्थ काय, ह्याविषयी मी आज बोलणार आहे. त्या गठ्ठ्यांचा ह्याच्याशी काय संबंध, ते शेवटी सांगेन.

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपण थट्टेने म्हणतो. पण राज्यकर्त्यांनी आणि समाजाच्या धुरीणांनी कपड्याची थट्टा कधी केली नाही. त्यांनी त्याचे कायदे केले. फ्रान्समध्ये १७८९ च्या मे महिन्यात राजाने तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली. त्या वेळी कोणी काय घालून यावे ह्याचा हुकूम काढण्यात आला होता. उमरावांनी सोनेरी कलाबूत आणि टोपीवर पिसे लावून यावे, तिसऱ्या वर्गाने म्हणजे सामान्यजनांच्या प्रतिनिधींनी साधा काळा पोशाख करावा. हेतू असा की, दालनात पाऊल टाकताच ज्याची पायरी त्याला कळावी. झाले उलटेच. पाहता पाहता तो काळा पोशाख अभिमानाचा झाला. पुढे पॅरिसच्या कामगारवस्तीतील लोकांना ‘सां-क्यूलोत’ हे नाव पडले. उमरावांसारख्या गुडघ्यापर्यंतच्या तंग विजारी न घालणारे, असा त्याचा अर्थ. हे लोक घालीत कामकऱ्याची लांब विजार. हेटाळणीचे नाव त्यांनी बिरुद म्हणून मिरविले. आणि २९ ऑक्टोबर १७९३ रोजी तेथील राष्ट्रीय सभेने ठराव केला की, कोणाही स्त्रीपुरुषावर अमुकच वेश करण्याची सक्ती कोणी करू नये. गंमत अशी की, तिरंगी फुलाचे चिन्ह लावण्याची सक्ती मात्र त्याच ठरावाने कायम ठेवली! क्रांती झाली तरी दुसऱ्याच्या अंगावरील कपड्यात हात घालण्याची माणसाची खोड चटकन जात नाही.

परंतु ह्यासाठी फ्रान्सला जाण्याची गरज नाही. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याचा अधिकार मिळविण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले. १८५९ साली जाहीरनामा निघून तो मिळाला, तोही वरिष्ठ जातींच्या स्त्रियांप्रमाणे वस्त्र घ्यावयाचे नाही ह्या अटीवर. आणि आपल्या इंदूरचे उदाहरण तर आणखी अलीकडचे आहे. १९२८ च्या जानेवारीत वृत्तपत्रात आलेली हकीगत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात दिली आहे. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि परिषदच रद्द झाल्यामुळे न झालेले हे भाषण १९३६ साली पुस्तकरूपाने निघाले. कनारिया, बिचोली-हप्सी, बिचोली-मर्दाना आणि आसपासच्या सुमारे १५ गावांतील सवर्णांनी, त्यांत गावचे पाटील आणि पटवारीही होते, बलाई जातीच्या लोकांना बजावले की, गावात राहावयाचे असेल तर पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत वा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्याचांदीचा दागिना घालू नये, चांगली चोळी किंवा घागरा वापरू नये. बलाईंनी नकार दिला. तेव्हा त्यांना विहिरीचे पाणी बंद झाले, गुरांना चरण्याची बंदी झाली, दरबाराकडे केलेल्या अर्जांना वेळेवर दाद मिळाली नाही आणि शेकडो कुटुंबे गाव सोडून गेली.

मंडळी, धोतराच्या काठाची रुंदी ती किती? बोटभर. परंतु त्या बोटभर काठासाठी माणसांना घरदार सोडावे लागले. काठाला हात घालणाऱ्यांना त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता आणि काठ न सोडणाऱ्यांनाही. म्हणून पुढाऱ्यांच्या वेशाचा विचार करताना मी दोनच प्रश्न विचारतो. ह्या माणसाने हा वेश स्वतः निवडला की त्याच्यावर तो लादला गेला? आणि निवडला असेल, तर तो कोणाला उद्देशून?

पहिले उदाहरण महात्मा जोतीराव फुले ह्यांचे घेऊ. १८८८ च्या मार्च महिन्यात पुण्यास हरी रावजी चिपळूणकर ह्यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांना मेजवानी दिली. ड्यूकसाहेब म्हणजे प्रत्यक्ष महाराणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव. शहरातील बडी मंडळी ठेवणीतले कपडे आणि जडजवाहीर घालून आली होती. त्या मेळाव्यात जोतीराव आले ते फाटक्यातुटक्या वस्त्रांत, कुणब्याच्या वेशात. आता जोतीराव काही दरिद्री नव्हते. ते सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते आणि मनात आणते तर चांगला अंगरखा त्यांना जड नव्हता. भाषणास उभे राहून त्यांनी राजपुत्राला सांगितले ते असे : येथे जमलेल्या हिऱ्यामोत्यांच्या लोकांवरून ह्या देशाची परीक्षा करू नका, आपल्या मातोश्रींची खरी प्रजा खेड्यापाड्यांत उपाशी आणि उघडी आहे, तिच्या शिक्षणाची तजवीज करण्यास त्यांना सांगा. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांना तेव्हा चारपाच वर्षे झाली होती. जे शेकडो पानांत मांडले ते त्या दिवशी त्यांनी अंगावर घालून दाखविले. हा वेश एका संध्याकाळपुरता होता, परंतु निवडलेला होता, आणि तो कोणाला उद्देशून होता ह्याविषयी कोणाच्याही मनात संदेह राहिला नसेल.

आता महात्मा गांधींकडे वळू. विलायतेत शिकत असताना गांधीजींनी १९ शिलिंगांची उंच टोपी घेतली होती आणि बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवविला होता. आत्मचरित्रात हा खर्च त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवला आहे. १८९३ साली दरबानच्या न्यायालयात न्यायाधीशांनी पागोटे काढण्यास सांगितले तेव्हा ते न काढता ते बाहेर निघून आले. म्हणजे वस्त्राचा मान त्यांना पहिल्यापासून कळत होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतच गिरमिटिया मजुरांच्या लढ्यात त्यांनी साहेबी वेश टाकून मजुराचा वेश घेतला. १९१५ साली मुंबईस उतरले ते काठेवाडी अंगरखा आणि फेटा अशा वेशात.

१९१७ साली चंपारण्यातील भितिहरवा गावी घडलेली एक गोष्ट मला ह्या साऱ्यात महत्त्वाची वाटते. तेथील बायकांचे मळके कपडे पाहून, त्यांना ते धुण्यास सांग, असे गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. त्यांतील एका बाईने कस्तुरबांना झोपडीत नेऊन दाखविले की, घरात पेटी नाही, कपाट नाही, अंगावर आहे त्याखेरीज दुसरे लुगडे नाही. मग धुवावे कसे आणि धुताना नेसावे काय? स्वच्छतेचा उपदेश करावयास गेलेली माणसे निरुत्तर होऊन परतली. हे निरुत्तर होणे गांधीजींच्या मनात चार वर्षे राहिले असावे असे मला वाटते.

१९२१ साली परदेशी कापडावर बहिष्काराची मोहीम जोरात होती. ३१ जुलै रोजी मुंबईस परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली. परंतु लोक विचारू लागले की, खादी महाग, आणि तीही पुरेशी मिळत नाही, मग गरिबाने काय करावे? गांधीजी उत्तर देत की, नाही मिळाली तर पंचा नेसून राहा. सप्टेंबरमध्ये मद्रासेहून मदुरेस जाताना आगगाडीच्या डब्यातही लोकांशी हेच बोलणे झाले. खादी घेण्याची आमची ऐपत नाही, असे ते म्हणाले. त्या वेळी गांधीजींच्या अंगात बंडी होती, डोक्यावर टोपी होती आणि नेसूचे पुरे धोतर होते. स्वतः पुरे कपडे घालून दुसऱ्याला पंचा नेसण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावयाचा? दुसरे दिवशी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी, ते सभेला आले ते टोपी आणि बंडी सोडून, नुसता आखूड पंचा नेसून.

ह्या निश्चयाचे दोन तपशील सहसा सांगितले जात नाहीत. पहिला असा की, ही गोष्ट त्यांनी आरंभी ३१ ऑक्टोबरपर्यंतच ठरविली होती. पुढे ती आयुष्यभर टिकली, म्हणजे आणखी २६ वर्षे. दुसरा असा की, सहकाऱ्यांनी किंवा वाचकांनी आपले अनुकरण करून पंचा नेसावा अशी आपली इच्छा नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्या टोपीला देशाने ‘गांधी टोपी’ म्हटले आणि लक्षावधी लोकांनी डोक्यावर घेतली, ती खुद्द गांधींच्या डोक्यावर थोडीच वर्षे राहिली. लोकांनी टोपी उचलली तेव्हा ते बोडक्याने पुढे निघून गेले होते. विनोद बाजूला ठेवला तर तात्पर्य असे की, पंचा हे त्यांचे स्वतःचे उत्तर होते. तो गणवेश व्हावा असे त्यांच्या मनात नव्हते.

आता तिसरे उदाहरण, आणि ते सांगताना मला आपल्याच गावाची थोडी शरम सांगावी लागणार आहे.

१९०१ साल. भीमराव नावाचा नऊदहा वर्षांचा मुलगा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावास निघाली. वडिलांना भेटावयाचे म्हणून मुलांना नवे सदरे, झगझगीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेतली होती. मसूर स्टेशनवर मुले उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर जवळ आले आणि आपुलकीने चौकशी करू लागले. कपड्यांवरून त्यांना ही मुले ब्राह्मणांची वाटली. मुलांनी निरागसपणे आपली जात सांगितली आणि मास्तरांचा चेहरा क्षणात पालटला. ते दूर झाले. पुढे दुप्पट भाड्यावर एक बैलगाडी मिळाली, तीही अशा बोलीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवान शेजारून चालेल. सदरा तोच, धोतर तेच, मूलही तेच होते. एका शब्दासरशी कापडाची किंमत गेली.

पुढे सोळा वर्षांनी हाच मुलगा, बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून, विलायतेचा अभ्यास अर्धा सोडून, करारानुसार राज्याची नोकरी करण्यास बडोद्यास आला. साल १९१७. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी गुण पाहून पैसा दिला होता. गावाने मात्र राहावयास खोली दिली नाही. विलायती पोशाखातील हा तरुण एका पारशी धर्मशाळेत गेला. व्यवस्थापक वर आला तेव्हा ह्यांनी अंगावरचे कपडे अर्धवट उतरविले होते. अंगावर सदरा आणि कस्ती दिसेनात, तेव्हा व्यवस्थापकाने ओळखले की हा पारशी नव्हे. आपला सदरा म्हणजे शर्ट. पारशी धर्मातील सदरा हे अंगालगतचे पवित्र वस्त्र आणि कस्ती हा कमरेचा पवित्र दोरा. नोंदवहीत पारशी नाव घालावयाचे ठरले आणि दिवसाला दीड रुपया दराने राहण्याजेवणाची सोय झाली. अकराव्या दिवशी सकाळी हातांत लाठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्यावरून वर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद मिळाली. एक हिंदू स्नेही, एक ख्रिस्ती स्नेही, कोणाकडेही आसरा मिळाला नाही. तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत जाऊन बसले. ही हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती कमाठी बाग, म्हणजे आपली सयाजी बाग, जेथे आपण रविवारी मुलांना घेऊन जातो.

मंडळी, मसूरला कपड्याने त्यांना पाच मिनिटांचा मान दिला. बडोद्यात न घातलेल्या कपड्याने त्यांचे बिंग फोडले. ज्या माणसाला हे दोन अनुभव आले त्याने पुढे जन्मभर नीटनेटका कोट, पाटलोण आणि गळपट्टा वापरला. ह्यावर कित्येक शहाणे म्हणत की, हे साहेबी वेड आहे, गरिबांच्या पुढाऱ्याला हा थाट शोभतो का? त्यांना मला विचारावेसे वाटते, गरिबीचा वेश ज्यांच्या अंगावर हजारो वर्षे बांधून ठेवला होता त्यांच्या पुढाऱ्याने तोच वेश पुन्हा घालून काय सांगावयाचे होते? मनुस्मृतीने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली होती. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला. त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची ओळख पटविणारी नेसण्याची पद्धत सोडा, वरिष्ठ वर्गाच्या स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, गळ्यातले आणि हातांतले ते ओझ्याचे दागिने टाका, स्वच्छ राहा. इकडे इंदुरात बोटभर काठासाठी माणसे देशोधडीला लावली जात होती, ती ह्याच सुमारास. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे त्या कोटाचा अर्थ कळेल.

१९३१ च्या सप्टेंबरपासून लंडनला सेंट जेम्स राजवाड्यात दुसरी गोलमेज परिषद भरली. एका बाजूला पंचा आणि शाल पांघरलेले गांधीजी, दुसऱ्या बाजूला कोटातले बाबासाहेब. दोघांचे तीव्र मतभेद होते आणि ते आजच्या व्याख्यानाने मिटणार नाहीत. मी फक्त कपड्यांकडे पाहावयास सांगतो. दोघेही बॅरिस्टर. एकाने जवळ असलेले उतरविले, दुसऱ्याने नाकारले गेलेले चढविले. गांधीजी त्याच पंच्यात लँकेशायरला डार्वेन येथे गेले, जेथल्या गिरण्यांवर आपल्या बहिष्काराचा परिणाम झाला होता, आणि त्या कामगारांना सामोरे गेले. नोव्हेंबरमध्ये त्याच पंच्यात ते बकिंगहॅम राजवाड्यात बादशहांच्या चहापानाला गेले. त्यांचा वेश सत्तेला सांगत होता की, माझ्या लोकांजवळ जे नाही ते मीही घेणार नाही. बाबासाहेबांचा वेश त्याच सत्तेला, आणि तिच्याहून अधिक आपल्या सवर्ण समाजाला, सांगत होता की, माझ्या लोकांना जे मिळू दिले नाहीत ते मी घेतल्याशिवाय राहणार नाही. ज्याच्यापाशी टाकण्यासारखे काही आहे त्याचाच त्याग त्याग ठरतो. ज्याला कधी मिळालेच नाही त्याला त्यागाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशी सांगण्यासारखे आहे. म्हणून दोन वेश परस्परांच्या उलट असूनही मला एकाच बाजूला उभे दिसतात, कारण दोन्ही निवडलेले होते आणि दोन्हींसाठी किंमत मोजलेली होती.

कोट हाच काही मंत्र नव्हता, हेही लक्षात ठेवावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेताना बाबासाहेब पांढरे धोतर आणि पांढरा कोट अशा वेशात आले, आणि लक्षावधी अनुयायी शुभ्र वस्त्रांत जमले होते. तेही निवडलेलेच वस्त्र होते. त्यानंतर गावोगावी पुतळे उभे राहिले ते मात्र निळ्या कोटातले, हातात संविधानाचा ग्रंथ घेतलेले. खेड्यातल्या माणसाने वर्गणी काढून पुतळा उभारला तेव्हा त्याने बटणे, गळपट्टा आणि खिशातले पेन आवर्जून कोरून घेतले. ह्यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या माणसाच्या अंगावर पुरे कपडे असावेत, ही त्यामागची भावना आहे.

निवड संपली की वेशाचे काय होते तेही आपण पाहिले आहे. खादी जेव्हा तुरुंगाचे आमंत्रण होती तेव्हा ती घालणाऱ्याचे पाय लोक शिवत. पुढे तीच खादी जेव्हा अधिकाराची पायरी झाली तेव्हा लोक ती पाहून हसू लागले. कापड बदलले नव्हते, त्यापायी सोसावे लागणारे संपले होते. असो. ह्याविषयी आपणांस मी सांगावे असे काही नाही.

आता त्या गठ्ठ्यांकडे येतो. हे सांगण्याआधी मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

मी लहानपणी परगावी एका वसतिगृहात राहून शिकलो. गावाचे नाव सांगत नाही, वसतिगृहाचेही नाही, कारण त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. दरवर्षी कोणी उदार गृहस्थ आम्हा मुलांना सदरे देत. सारे सदरे एकाच ताक्यातले, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, गादीच्या खोळीला असते तसल्या कापडाचे. मापे तीनच, लहान, मध्यम आणि मोठे. समारंभ होई, एकेकाचे नाव पुकारले जाई, आम्ही वर जाऊन नमस्कार करून सदरा घेत असू, आणि टाळ्या पडत. दुसरे दिवशी शाळेत गेलो की मुले म्हणत, ‘गाद्या आल्या!’ सुटीत घरी गेलो तेव्हा आईने काही न विचारता तो सदरा गडद निळ्या रंगात बुडवून काढला. वाळल्यावर पाहिले तर त्या रंगातूनही पट्टे दिसतच होते. कापड मोठे मजबूत, दोन वर्षे फाटले नाही. त्याचे मला फार दुःख होई.

त्या दात्याच्या मनात काही वाईट नव्हते. परंतु त्याने आम्हाला सदरा दिला आणि त्याच्याबरोबर एक खूणही दिली. इंदूरच्या पंधरा गावांनी जे दंडुक्याने केले तेच, नकळत आणि दयेपोटी, शिलाईच्या यंत्राने होऊ शकते. गरिबाने काय घालावे हे दुसऱ्याने ठरवावयाचे आणि ते असे की लांबून ओळखू यावे!

उद्या सकाळी ह्याच व्यासपीठावर गणवेशवाटपाचा कार्यक्रम आहे. महोत्सवाच्या आनंदात मी खडा टाकतो आहे असे कोणास वाटल्यास त्याने मला क्षमा करावी. परंतु ज्या संस्थेने मला बोलावून मान दिला तिच्यापाशी मन मोकळे करावयाचे नाही, तर कोठे करावयाचे?

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, उद्या नावे पुकारू नयेत आणि छायाचित्रे काढू नयेत. गठ्ठे मुलांच्या घरी गुपचूप पोहोचवावेत. दुसरी, पुढील वर्षापासून तयार कपड्यांऐवजी मुलाच्या आईवडिलांच्या हाती दुकानाची आणि शिंप्याची चिठ्ठी द्यावी. शाळेचा गणवेश शाळेच्या रंगाचा असणारच, परंतु इतर मुले जेथून घेतात तेथूनच त्याने घ्यावा, स्वतःचे माप द्यावे, आणि खिसा एक की दोन हे स्वतः सांगावे. हिशेबासाठी पावती घ्या, त्याला कोणाची ना नाही. तिसरी, दिवाळीत आपण भगिनींना जी लुगडी देतो ती आपण निवडून घड्या करून देऊ नयेत. एका खोलीत सारी मांडून ठेवावीत, आणि घेणारीने हात लावून, पदर उलगडून, रंग पाहून आपली आपण उचलावी.

कोषाध्यक्ष माझ्याकडे पाहत आहेत. त्यांच्या मनातले मला कळते. ताका घाऊक भावाने घेतला तर स्वस्त पडतो, आणि मी सांगतो तसे केले तर तेवढ्याच पैशांत कमी मुलांना कपडे मिळतील. हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका मानीत नाही. उघड्या अंगापेक्षा गादीच्या खोळीचा सदरा बरा, हे मी त्या काळीही जाणत होतो. म्हणून एकही मूल कमी करावे असे मी म्हणत नाही. वाढीव खर्चाचा भार आपण सभासदांनी उचलावा. माझ्या शक्तीप्रमाणे माझा वाटा मी आज सकाळीच कार्यालयात दिला आहे. आपणही आपापल्या शक्तीप्रमाणे द्याल असा मला भरवसा वाटतो.

पुढाऱ्यांच्या वेशावर बोलावयास उभा राहिलो आणि शाळकरी मुलाच्या सदऱ्यावर येऊन थांबलो. परंतु माझ्या मते विषय एकच आहे. पंचा काय आणि कोट काय, आपल्या अंगावर काय असावे हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, हे त्या थोर पुरुषांनी सांगितले. तो अधिकार त्यांनी स्वतःपुरता मागितला नव्हता. ज्या बडोद्याने एका बुद्धिमान तरुणाला शिष्यवृत्तीही दिली आणि बागेतल्या झाडाखालीही बसविले, त्या बडोद्यातील आपल्या संस्थेने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना एवढे ध्यानात ठेवावे, ही प्रार्थना.